घड्याळातले सोळाशे आणि मैदानावरचे सोळाशे

(या भागात जे बोललो ते इथे लिहून देतोय. ऐकताना आकडे निसटतात, इथे थांबून वाचता येतील.)

सकाळी पळून आला असाल तर आधी घोटभर पाणी प्या, मग निवांत ऐका.

आजचा विषय तुमचाच आहे. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, कुठूनही मेसेज आला तरी प्रश्न साधारण एकच असतो: ‘दादा, स्मार्टवॉचवर व्यायाम मोजायला सगळ्यात अचूक ॲप कोणतं?’ आणि त्याच्या मागोमाग दुसरा मेसेज: ‘मी आणि माझा मित्र एकत्रच पळालो. त्याच्या घड्याळात १६०० मीटर झाले, माझ्या घड्याळात १५४०. खरं कोणाचं?’

हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. कारण विचारणाऱ्यांपैकी बरेच जण भरतीची तयारी करणारे आहेत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, आणि गुण सेकंदांवर मिळतात. हौस म्हणून फिरायला जाणाऱ्याच्या घड्याळात पन्नास मीटर इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. तुमचं बिघडतं.

हिशोब करून बघू. समजा तुमचं लक्ष्य १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, म्हणजे ३१० सेकंदांत पळायचं आहे. एका मीटरला साधारण ०.१९ सेकंद. आता तुमचं घड्याळ फक्त ३ टक्के जास्त मोजतंय असं धरा. घड्याळ १६०० म्हणेल तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात जेमतेम १५५३ मीटर पळालेले असाल. उरलेल्या ४७ मीटरला अजून नऊ सेकंद लागतात. म्हणजे महिनोन् महिने तुम्ही समजत राहणार की आपलं टायमिंग बसतंय, आणि भरतीच्या दिवशी मैदानावर नऊ सेकंद कमी पडणार. तिथे घड्याळातला स्क्रीनशॉट दाखवून चालत नाही.

म्हणून आजचा मुद्दा आधीच सांगून टाकतो. अचूकपणा ॲपच्या नावात नसतो. तुमचं घड्याळ, तुमचं ॲप आणि तुमचं मैदान या तिघांना मिळून एकदा तपासावं लागतं. ते कसं, ते आज बघू.

मोजतं कोण?

ॲप स्वतः काहीच मोजत नाही. मोजतात ते घड्याळातले सेन्सर. ॲप त्यांच्याकडून आकडे घेतं, थोडी साफसफाई करतं आणि आपल्याला दाखवतं. त्यामुळे ॲप निवडण्याआधी घड्याळात काय आहे ते माहीत पाहिजे.

घड्याळं ढोबळमानाने तीन प्रकारची. पहिलं, ज्यात स्वतःचं जीपीएस आहे. दुसरं, ज्यात नाही, पण ते फोनचं जीपीएस वापरतं. जाहिरातीत याला ‘कनेक्टेड जीपीएस’ म्हणतात. फोन खिशात नसेल तर उपयोग नाही. तिसरं, ज्यात जीपीएसचा पत्ताच नाही. ते हाताच्या हेलकाव्यांवरून पावलं मोजतं, तुमच्या उंचीवरून एका पावलाची लांबी ठरवतं आणि गुणाकार करून अंतर सांगतं. दीड-दोन हजारांच्या घड्याळात बहुधा दुसरा किंवा तिसरा प्रकार असतो.

आपलं कोणतं, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. फोन घरी ठेवा, घड्याळ घालून एक किलोमीटर पळून या, मग ॲपमध्ये नकाशा बघा. नकाशावर रेघ उमटली असेल तर घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे. नुसतंच अंतर आलं, रेघ नाही, तर तो पावलांचा गुणाकार आहे. जोरात पळताना पाऊल लांब पडतं, दमल्यावर आखूड पडतं, पण गुणाकारातली लांबी बऱ्याचदा तीच राहते. भरतीच्या सरावाला असं अंतर धरू नका.

अजून एक गोष्ट. स्वस्त घड्याळांत दुसरं ॲप टाकताच येत नाही. कंपनीचं जे आहे तेच. ॲपल वॉच किंवा वेअर ओएसवर चालणारी सॅमसंग, वनप्लस, पिक्सेल वगैरे घड्याळं असतील तरच घड्याळावर ॲप निवडायचा प्रश्न येतो. बाकीच्यांनी फोनवरचं ॲप निवडायचं आणि फोन दंडाला किंवा कमरेला बांधून पळायचं. त्यात कमीपणा काही नाही. पुष्कळदा फोनचं जीपीएस स्वस्त घड्याळापेक्षा चांगलं असतं.

जीपीएस चुकतं कसं?

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला त्या मोठ्या तबकड्या आहेत ना, जीएमआरटीच्या? ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. एकच रेडिओ लहर वेगवेगळ्या तबकड्यांवर किंचित मागेपुढे पोहोचते, आणि तो वेळेतला फरक मोजून आकाशातली जागा कळते. तुमच्या मनगटावरही वेळेचाच खेळ चाललेला असतो, फक्त उलट्या बाजूने. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात आले, यावरून घड्याळ आपली जागा काढतं. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. इतकं नाजूक काम आहे ते.

मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतं. आता डोक्यात चित्र आणा. तुम्ही नाकासमोर सरळ पळताय, पण घड्याळाला तुम्ही कधी दोन मीटर डावीकडे दिसता, कधी तीन मीटर उजवीकडे. ते सगळे ठिपके जोडले की रेघ नागमोडी होते. नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब. म्हणून सरळ रस्त्यावर अंतर थोडं जास्त येऊ शकतं.

मैदानावर उलटं होतं. गोल फिरताना घड्याळ दर सेकंदाला किंवा दर काही सेकंदांनी ठिपका टाकतं आणि ठिपके सरळ रेघेने जोडतं. वळण कापलं जातं. मैदान जितकं लहान आणि ठिपके जितके लांब लांब, तितकं अंतर कमी येतं. बॅटरी वाचवायचा मोड चालू असेल तर ठिपके अजून विरळ पडतात.

म्हणजे तो मित्राचा १६०० आणि तुमचा १५४०, दोन्ही चूक असू शकतात.

मैदानसुद्धा चुकतं

पण थांबा. सगळा दोष घड्याळाच्या माथी मारू नका.

गावाकडच्या शाळेच्या मैदानावर आपण फक्की टाकून २०० मीटरचा गोल आखतो आणि आठ फेऱ्या मारतो. आखणी बरोबर आहे असं धरू. तरी तुम्ही रेषेला चिकटून पळता की गर्दी असते म्हणून थोडं बाहेरून? रेषेच्या एक मीटर बाहेरून पळालात तर प्रत्येक फेरीला सव्वासहा मीटर जास्त पळता. गोल लहान असो की मोठा, हा आकडा तोच राहतो. आठ फेऱ्यांना झाले ५० मीटर. मघाच्या वेगाने साधारण दहा सेकंद. म्हणजे कदाचित तुम्ही वाटतं त्यापेक्षा फास्ट आहात आणि उगाच निराश होताय! ४०० मीटरच्या ट्रॅकवर चारच फेऱ्या, म्हणून तिथे हाच फरक पंचवीस मीटरचा.

म्हणून मैदान आधी टेपने मोजून घ्या. लांब टेप शाळेत क्रीडाशिक्षकांकडे असते, मागितली तर सर नाही म्हणणार नाहीत. रेषेवरून नाही, तर रेषेपासून साधारण तीस सेंटिमीटर बाहेरून मोजा, कारण आपण पळतो तिथून. अधिकृत ट्रॅकची आतली लेनही, कठडा असेल तर, तशीच मोजतात.

मैदान एकदा पक्कं झालं की १६०० आणि ८०० च्या सरावासाठी माझं म्हणणं स्पष्ट आहे: अंतर मैदानाचं धरा, वेळ स्टॉपवॉचची धरा. ॲपला फेरीचं बटण दाबण्यापुरतं वापरा. प्रत्येक फेरी किती सेकंदांत झाली हे कळणं लाखमोलाचं आहे, कारण तिसऱ्या-चौथ्या फेरीला आपण कुठे ढेपाळतो ते त्यातून दिसतं. काही घड्याळांत, उदाहरणार्थ गार्मिन आणि कोरोसच्या, ‘ट्रॅक रन’ नावाचा वेगळा मोड असतो. तो ४०० मीटरच्या अधिकृत ट्रॅकसाठी आहे. फक्की मारलेल्या गोलावर तो चालू करू नका.

घाटात आणि गडावर

आता रविवारची मंडळी. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन, नाणेघाट, तिकडे आंबेगावात आहुपे, भीमाशंकरचं जंगल. इथे प्रश्न वेगळा आहे. नाणेघाटाच्या त्या चिंचोळ्या वाटेत दोन्ही बाजूंना कातळ. उपग्रहाचा संदेश थेट न येता कातळावर आपटून येतो, म्हणजे लांबचा रस्ता घेऊन येतो, आणि घड्याळाला वाटतं आपण भलतीकडेच आहोत. भीमाशंकरच्या दाट झाडीतही तसंच.

इथे चांगल्या सेन्सरचा फरक पडतो. एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारं जीपीएस, ज्याला ड्युअल फ्रिक्वेन्सी किंवा मल्टी-बँड म्हणतात, आपटून आलेला संदेश जास्त चांगला ओळखतं. फोनमध्ये हे २०१८ मध्ये शाओमीच्या मी ८ पासून आलं. आता बऱ्याच फोनमध्ये असतं. जीपीएसच्या जोडीला ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू आणि आपल्या इस्रोचं नाविक ही सगळी चालू ठेवता येत असतील तर ठेवा. घाटात जितके उपग्रह जास्त, तितकं बरं.

चढ किती झाला, हा आकडा तर फारच सांभाळून घ्या. जीपीएसची उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. ज्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर आहे ते चढ बरं मोजतं, पण पावसाळ्यात हवा बदलली की तेही भरकटतं. तपासायला एक फुकटची युक्ती: जिथून निघालात तिथेच परत या, आणि ॲपमध्ये एकूण चढ आणि एकूण उतार बघा. पायथ्यापासून पायथ्यापर्यंत दोन्ही सारखे यायला हवेत. चढ ४०० मीटर आणि उतार ३२० असेल, तर तुम्ही अजून गडावरच आहात असं घड्याळाचं म्हणणं आहे!

ठोके, कॅलरी आणि पावलं

हृदयाचे ठोके घड्याळ हिरव्या प्रकाशाने मोजतं. कातडीखालून रक्त कमी-जास्त वाहतं तसा परत येणारा प्रकाश बदलतो. पट्टा सैल असेल, मनगटावर गोंदलेलं असेल, किंवा डिसेंबरच्या थंडीत हात गारठलेले असतील, तर गडबड होते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधा. हळूहळू पळताना पहिल्याच मिनिटात ठोके १७० वर जाऊन तिथेच चिकटले, तर बहुतेक ते ठोके नाहीतच, तुमची पावलं आहेत. मिनिटाला साधारण तितकीच पावलं पडतात आणि घड्याळ फसतं. शंका आली तर थांबा, लगेच नाडी धरा, पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. रोज ठोक्यांवरच सराव करायचा असेल तर छातीला बांधायचा पट्टा घ्या, तो जास्त खात्रीचा. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणत असलं तरी थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

कॅलरींबद्दल थोडक्यात: विश्वास ठेवू नका. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये ६० जणांवर मनगटावरची सात उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के, आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के! तेव्हा ४०० कॅलरी जळाल्या म्हणून त्या हिशोबाने वडापाव मोजू नका.

पावलांचंही ऐका. रोज दहा हजारचं जे खूळ आहे, त्याची सुरुवात १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रापासून झाली. त्याचं नावच होतं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. डॉक्टरांनी संशोधन करून काढलेला तो आकडा नव्हे. आणि आपल्याकडे शेतात काम करणाऱ्याची पावलं तर घड्याळाला कळतच नाहीत. टोमॅटोचं क्रेट दोन्ही हातांनी धरून बांधावरून ये-जा केली, हात हलला नाही, पावलं गायब. बसून धार काढली, हात हलला, फुकटची पावलं जमा! दिवसभर कांदा लागवड करून आलेल्या पोराला किंवा पोरीला घड्याळ संध्याकाळी सांगतं, ‘आज तुमची हालचाल कमी झाली.’ हसायचं आणि सोडून द्यायचं.

मग ॲप कोणतं?

आता मूळ प्रश्नावर येतो. माझा सल्ला असा.

घड्याळात स्वतःचं जीपीएस असेल तर नोंद घड्याळाच्या मूळ ॲपमध्येच करा. ॲपल वॉचचं वर्कआउट, सॅमसंग हेल्थ, गार्मिनचं स्वतःचं. ते सेन्सरला सगळ्यात जवळचं असतं. मित्रांना दाखवायचं असेल तर तिथून स्ट्राव्हाला आपोआप पाठवा. घड्याळ आणि फोन दोन्हीकडे एकाच वेळी नोंद चालू करू नका, मग दोन आकडे येतात आणि भांडण लागतं. ॲपल वॉच असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर वीसेक मिनिटं चालून-पळून घ्या, म्हणजे ते तुमच्या पावलाची लांबी शिकतं.

घड्याळात जीपीएस नसेल तर फोनवर स्ट्राव्हा किंवा नाइकी रन क्लब, यांपैकी जे तुमच्या फोनवर नीट चालेल ते.

नवं ॲप घेताना पाच गोष्टी बघा. एक, ते नकाशावर पूर्ण रेघ दाखवतं का. दोन, फेऱ्या हाताने नोंदवता येतात का. तीन, नेटवर्क नसताना चालतं का, कारण घाटात नेटवर्क कुठलं आलं. चार, तुमची नोंद जीपीएक्स फाईल म्हणून बाहेर काढता येते का, म्हणजे उद्या ॲप बंद पडलं तरी तुमची मेहनत तुमच्याकडे राहते. पाच, पैसे न भरता हे सगळं मिळतं का. मिळत नसेल तर सोडून द्या.

आणि सेटिंग, जिथे खरी गंमत होते. फोनची बॅटरी वाचवायची सोय त्या ॲपपुरती बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाला की फोन ॲप झोपवतो आणि मधलं अर्धा किलोमीटर गायब होतं. लोकेशनला ‘अचूक’ परवानगी द्या. ‘ऑटो पॉज’ बंद करा. हे भरतीवाल्यांनी नक्की करा. दम लागून थांबलात की ॲप घड्याळ थांबवतं आणि वेग छान दिसतो. भरतीत घड्याळ थांबत नसतं. ॲपमध्ये ‘मूव्हिंग टाइम’ आणि ‘इलॅप्स्ड टाइम’ असे दोन आकडे दिसले तर तुमचा खरा वेळ दुसरा. आणि सुरू करण्याआधी जीपीएस सापडेपर्यंत उभं राहा, गडबड करू नका.

दोन गोष्टी सुरक्षेच्या

पहिली, नकाशा सगळ्यांना दाखवू नका. स्ट्राव्हाने २०१७ च्या अखेरीस जगभरच्या धावांचा एक नकाशा प्रसिद्ध केला, आणि २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की त्यात लष्करी तळांवर पळणाऱ्या सैनिकांच्या वाटाही दिसतायत. लष्कराचं हे झालं, तर आपल्या घराचा पत्ता काय अवघड आहे? विशेषतः मुलींनो, रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने पळत असाल तर ॲपमध्ये सुरुवात आणि शेवट लपवायची सोय चालू करा, आणि नोंदी फक्त ओळखीच्यांना दिसतील असं ठेवा.

दुसरी गोष्ट इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी सांगतो. आपला भाग बिबट्याचा आहे. पहाटे अंधारात उसाच्या कडेने एकट्याने, कानात इअरफोन घालून पळू नका. आमचा पॉडकास्टसुद्धा तिथे ऐकू नका, घरी आल्यावर ऐका. उजाडू द्या, दोघं-तिघं मिळून जा.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन सकाळी काढा. पहिल्या दिवशी मैदान टेपने मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर १६०० मीटर पळा, मुली ८०० मीटर, आणि ॲपने किती सांगितलं ते वहीत लिहा. तिसऱ्या दिवशी मोकळ्या, सरळ, वर्दळ नसलेल्या रस्त्यावर टेपने २५० मीटर मोजून जाऊन-येऊन दोन वेळा, म्हणजे एक किलोमीटर पळा, आणि तोही आकडा लिहा. एवढ्यावर थांबू नका, पुढच्या आठवड्यात दोन्ही परत करा. दर वेळी चूक सारखीच येत असेल, समजा नेहमी २ टक्के जास्त, तर ते ॲप तुमच्या कामाचं आहे, तेवढं वजा करून चालता येईल. एकदा जास्त, एकदा कमी, असं वाऱ्यावर असेल तर अंतरासाठी ते सोडा, फक्त फेऱ्यांच्या वेळेसाठी वापरा.

तुमचे आकडे आम्हाला व्हॉइस मेसेजने पाठवा: घड्याळ कोणतं, ॲप कोणतं, मैदान किती मीटरचं आणि ॲपने किती सांगितलं. पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांचे आकडे एकत्र मांडू. म्हणजे तुमच्या गावातल्या पुढच्या पोरापोरींना घड्याळ घेताना जाहिरातीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. सराव चालू ठेवा!